स्वतःचाच आजोबा

चहा दोनदा आला आणि दोनदा निवला, तरी पडद्यावरचं चक्र आपलं फिरतच होतं.

"मॅडम, झालं की अजून आहे?" नाना वैशंपायनांनी तिसऱ्यांदा विचारलं. विचारताना त्यांनी सगळ्यांना दिसेल अशी भिंतीवरच्या घड्याळाकडे मान वळवली.

"होतंय," मी म्हटलं. मागच्या रांगेत कुणीतरी घोरू लागलं आणि त्यावर दोघं-तिघं खुदकन हसले.

पंचवटीतल्या एका भांड्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर पुरोहित मंडळींचं सभागृह होतं. तीस-पस्तीस उपाध्ये समोर बसलेले. पहिल्या खुर्चीवर काळा चष्मा लावलेले अण्णा भानोसे, हातात काठी, चेहऱ्यावर मुलीचं लग्न लागतंय असा आनंद. त्यांना पडदा नीट दिसत नव्हता, म्हणून चक्र अजून फिरतंय हे त्यांना कळत नव्हतं. मला मात्र त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

एक्केचाळिसाव्या मिनिटाला नाना उठले आणि स्वतःच्या हाताने त्यांनी प्रोजेक्टर बंद केला.

"अण्णांना यजमानाची वंशावळ काढायला पाच मिनिटं लागतात," ते म्हणाले. "यंत्राला सहा लागली तरी आम्ही चालवून घेऊ. शनिवारी पुन्हा या. तेव्हाही जमलं नाही, तर रविवारी सकाळी चोपड्या न्यायला टेम्पो येईल. अण्णा, आता मात्र हट्ट पुरे."

ही गोष्ट डिसेंबर २०१४ मधली. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते आणि आपल्याला सगळं येतं या समजुतीत होते. कॅनडा कॉर्नरजवळ तीन खोल्यांत आमची सात माणसांची कंपनी होती. अण्णांच्या वंशावळीच्या चोपड्या संगणकात भरून त्यांतून नाती शोधून काढायची, हे काम माझं होतं.

चोपड्यांबद्दल थोडं सांगायला हवं. कुणी नाशकाला तीर्थविधीसाठी किंवा घरच्या माणसाच्या अस्थी घेऊन आला, की त्याचा उपाध्या चोपडीत लेख लिहून घेतो. गाव, नाव, बापाचं नाव, भाऊ, मुलं. पुढच्या पिढीतलं कुणी आलं की मागचा लेख काढून वाचून दाखवायचा आणि खाली नवा लिहून घ्यायचा. अण्णांकडे अशा दोनशे चौदा चोपड्या होत्या, त्यांतल्या काही पेशवाईतल्या. कुठला लेख कुठल्या चोपडीत आणि तिथून पुढे कुठल्या, हे फक्त अण्णांच्या डोक्यात होतं. आणि अण्णांना काचबिंदू झाला होता. डॉक्टरांनी नजरेला वर्षाची मुदत दिली होती.

मुलगी इंदूरला शिक्षिका, मुलगा नाही. पुढच्या वर्षी सिंहस्थ, लाखो माणसं येणार. म्हणून मंडळाचे चिटणीस नानांनी सुचवलं, की अण्णांच्या चोपड्या चार घराण्यांत वाटून घ्याव्यात. त्यात वाईट हेतू नव्हता. पण अण्णा म्हणत, "माणसं एका गावची दुसऱ्या गावी गेली, तसे लेखही एका चोपडीतून दुसरीत गेलेत. एकत्र आहेत तोवर त्या चोपड्या आहेत. वाटल्या की रद्दी." त्यांनी नानांकडून मुदत मागून घेतली होती आणि संगणक हे करून दाखवेल असं भर सभेत सांगितलं होतं. तोवर आमच्या एकसष्ट चोपड्या भरून झाल्या होत्या.

जिना उतरताना अण्णांनी कठडा घट्ट धरला होता. मी बोलणी खायची तयारी ठेवून मागे चालत होते.

"एक्केचाळीस मिनिटांत मी आठ यजमान उरकले असते," ते म्हणाले आणि हसले. मग दोन पायऱ्या उतरून थांबले. "पोरी, काल मला क आणि फ वेगळे दिसले नाहीत. अर्धा तास एका नावावर बोट ठेवून बसलो होतो. तुझ्या यंत्राला घाई कर म्हणावं."

मला तेव्हाच रडू यायला हवं होतं. मला राग आला. नानांचा, त्या चक्राचा आणि माझा.

ऑफिसात आल्या आल्या मी कामाला लागले. आम्ही सगळी माहिती तीन-तीन शब्दांच्या वाक्यांत साठवली होती. "कोंडाजी, वडील, हरी." "हरी, गाव, कोळवाडे." अशी लाखो वाक्यं. त्यांच्यावर मी पाच नियम लिहिले होते, ते वाचून संगणक आपणहून नवी वाक्यं तयार करायचा. उदाहरणार्थ, वडिलांचे पूर्वज ते आपलेही पूर्वज. दोन लेख एकाच माणसाचे असतील तर ते एक धरा. या सगळ्यावर मग प्रश्न विचारायचा, की या माणसाचे पूर्वज कोण.

अण्णा यजमानाला पहिला प्रश्न नेहमी "गाव?" असा विचारत, नाव नंतर. माझा प्रश्न मात्र पूर्वजांपासून सुरू होत होता, म्हणजे साऱ्या जगाचे पूर्वज काढायचे आणि मग त्यांतून कोळवाड्याचे निवडायचे. मी प्रश्न उलटा लिहिला, आधी गाव, मग आडनाव, मग माणूस. एक्केचाळीस मिनिटांतही न आलेलं उत्तर सव्विसाव्या मिनिटाला आलं. अर्धा तास मी हवेत होते. मग लक्षात आलं, की सव्वीस म्हणजे सहा नव्हे.

आमचे मालक बोरस्ते सर निफाडचे. घरची द्राक्षबाग सोडून या धंद्यात आलेले. त्यांनी कुठूनसं दुप्पट ताकदीचं मशीन मिळवून दिलं. सव्वीसची बावीस झाली.

"बैल बदलून उपयोग नाही," ते म्हणाले. "चाक चिखलात आहे. खाली उतर आणि बघ."

खाली उतरून बघायचं म्हणजे प्रोफायलिंग करायचं. कुठल्या नियमाने किती वेळ खाल्ला, किती वेळा तो चालला, किती नवी वाक्यं त्याने जन्माला घातली, हे एकेक मोजायचं. हे काम आधी करायचं असतं. मी ते शेवटी केलं, कारण माझ्या नियमांत चूक असेल असं मला वाटतच नव्हतं.

गुरुवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत आकडे आले. चार नियम शहाण्यासारखे वागत होते. पाचव्याने, त्या पूर्वजांच्या नियमाने, अकरा कोटी वाक्यं तयार केली होती.

मी डबा तसाच बाजूला सारला. एकसष्ट चोपड्यांत माणसं होती नव्वद हजार. म्हणजे माणशी बाराशे पूर्वज. चोपड्या पेशवाईपासूनच्या, फार तर दहा पिढ्या. नऊ-दहा पूर्वज असावेत तिथं बाराशे कुठून आले?

मी सहज हाताला लागला तो एक माणूस उचलला. कोंडाजी बिन हरी, म्हणजे हरीचा मुलगा कोंडाजी. त्याच्या पूर्वजांची यादी मागितली. वडील, हरी. ठीक. आजोबा, कोंडाजी बिन हरी.

मी पुन्हा वाचलं. क्रमांक पाहिला. तोच माणूस. तो स्वतःचाच आजोबा होता. त्यामुळे तो स्वतःच्या बापाचा बापही होता, आणि संगणक बिचारा त्या चकरीत गरगर फिरून दमला होता.

स्कूटी काढून मी थेट अण्णांकडे गेले. ते खाटेवर उताणे पडून डोळ्यांत औषधाचे थेंब घालून घेत होते.

"अण्णा, तुमचा एक यजमान स्वतःचाच आजोबा निघालाय," मी दारातूनच म्हटलं.

अण्णा इतके हसले की औषध गालावरून ओघळलं. "कोण गं तो पुण्यवान?"

"कोंडाजी बिन हरी. कोळवाड्याचा."

"कितवा कोंडाजी?"

मला एकच कोंडाजी माहीत होता.

"अगं, आजा गेला की पुढे होणाऱ्या नातवाला त्याचं नाव ठेवायचं, हे तुला कुणी सांगायला हवं? कोंडाजीचा हरी, हरीचा कोंडाजी, त्याचा पुन्हा हरी. कोळवाड्यात चार कोंडाजी बिन हरी झाले. तुझ्या घरी काय नावं आहेत?"

माझ्या वडिलांचं नाव पंढरीनाथ आणि माझ्या पणजोबांचंही पंढरीनाथ. हे सांगताना माझे कान तापले. गाव एक, आडनाव एक, नाव एक, बापाचं नाव एक, तर माणूस एक, असा नियम मी मोठ्या दिमाखात लिहिला होता. तसा काही नियम लागतोच, कारण एकच माणूस आयुष्यात चारदा येऊन चार लेख लिहून जातो आणि ते चार जोडावे लागतात. पण माझ्या नियमाने चार लेखांबरोबर चार पिढ्याही जोडून टाकल्या होत्या. गावोगावच्या नव्वद हजार माणसांच्या मी गाठी मारून ठेवल्या होत्या.

"मग तुम्ही कसे ओळखता?" मी विचारलं.

"आईवरून," अण्णा म्हणाले. जणू मी पाणी ओलं का असतं असं विचारलं होतं.

त्यांनी उठून मांडणीवरची एक चोपडी न चाचपडता ओढली, पान उघडलं आणि बोट बरोबर जागेवर ठेवलं. त्यांना ते अक्षर दिसत नव्हतं, पण जागा ठाऊक होती. पुरुषाच्या नावाखाली बारीक अक्षरात, "मातोश्री साळू." दुसऱ्या पानावर दुसऱ्या कोंडाजीखाली, "मातोश्री भागीरथी."

"नाव आजाचं घेता येतं, बापाचं लावता येतं. आई ज्याची त्याची असते. आधी ती बघायची. सख्खे भाऊ कोण नि सावत्र कोण, हेही तिच्यावरूनच कळतं."

"आणि दोघांचीही आई लक्ष्मी निघाली तर?"

"मग लेखाचं साल बघायचं. माणूस ऐंशी वर्षांच्या अंतराने दोनदा येत नाही. आला तर मला कळव, मी नमस्कार करायला जातो."

मला हसता आलं नाही. माहिती भरण्याचा फॉर्म मीच तयार केला होता. नाव, वडील, आडनाव, गाव, साल, असे रकाने होते. आईला रकाना नव्हता. आमच्याकडे माहिती टाइप करणाऱ्या कुसुमताई आहेर यांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, "मॅडम, आईचं नाव कुठं घालू?" आणि मी वर न बघता म्हटलं होतं, "काही ज्यादा असेल तर 'इतर'मध्ये टाका."

अण्णांच्या खाटेवर बसूनच मी कुसुमताईंना फोन लावला. एकसष्ट चोपड्या पुन्हा टाइप करायच्या म्हणजे आठ महिने.

"कुसुमताई, ते मातोश्री वगैरे तुम्ही टाइप केलंय की सोडून दिलंय?"

"सोडायचं कसं मॅडम?" त्यांना राग आला. "तुम्हीच म्हणाल्या ना 'इतर'मध्ये टाका? सगळं टाकलंय. आया, बहिणी, सुना, कोण कशासाठी आलं, सगळं. का, काढून टाकायचंय का आता?"

"नको!" मी इतक्या जोरात ओरडले की अण्णा दचकले. "कुसुमताई, तुमच्या तोंडात साखर पडो."

"साखर नको बाई, शुगर आहे मला," त्या म्हणाल्या.

काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ते हेच. अख्खा शुक्रवार आम्ही त्या 'इतर'मधून आया वेचून काढल्या. कुठे मातोश्री, कुठे मातुश्री, कुठे नुसता "मा." एवढंच. मी शोधायचा प्रोग्राम लिहिला, कुसुमताई आणि त्यांच्या दोघी सहकारी अडलेले लेख निस्तरत होत्या. त्यांनाही उमगलं नाही की अण्णांना फोन.

"अण्णा, 'मा. को.' म्हणजे काय हो?"

"कोळवाड्याची चोपडी ना? कोयनाबाई. आमचे आजोबा शाई फार जपून वापरत."

मग मी तो नियम पुन्हा लिहिला. गाव, आडनाव, नाव, बाप आणि आई, पाचही जुळले आणि दोन लेखांची सालं एका आयुष्यात बसली, तरच माणूस एक. संध्याकाळी पाच वाजता सगळं नव्याने चालवलं आणि बोरस्ते सर माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

अकरा कोटींची सहा लाख बारा हजार झाली. मी बुधवारचाच प्रश्न विचारला आणि चक्र दिसायच्या आत उत्तर आलं. चार सेकंद.

मला वाटलं, काहीतरी मोडलं. पुन्हा विचारलं. चार सेकंद. दहा वेळा विचारलं. कोंडाजी बिन हरी आता चार निराळे गृहस्थ होते आणि कुणीही कुणाचा भलताच आजोबा नव्हता. कुसुमताईंनी टाळ्या वाजवल्या. बोरस्ते सरांच्या तोंडून मी नोकरीत पहिल्यांदाच "वा" ऐकलं. मी बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडले आणि तोंड धुऊन बाहेर आले.

शनिवारी अकरा वाजता सभागृह भरलं होतं. उपाध्यांच्या घरच्या बायकाही आल्या होत्या. बुधवारची मजा ऐकून आल्या असाव्यात.

नानांनी पहिले यजमान पुढे केले, कोळवाड्याच्या शेजारच्या गावचे दोघं भाऊ. त्यांनी गाव सांगितलं, नाव सांगितलं. मी प्रश्न दिला. पडद्यावर नऊ पिढ्या एकाखाली एक उभ्या राहिल्या, प्रत्येक नावाशेजारी आईचं नाव.

"किती झाली?" अण्णांनी विचारलं.

"चार," मी म्हटलं.

"मिनिटं?"

"सेकंद, अण्णा."

सभागृहात एकदम गलका झाला. अण्णांनी काठी दोनदा जमिनीवर आपटली. मला वाटलं, जिंकलो. पण नाना हात वर करून उभे होते.

"मंडळी, एक शंका आहे. अण्णा पाच मिनिटांत करतात ते यंत्राने चार सेकंदांत केलं. छान. पण आपल्याला घाई कुठे आहे? यजमानाला पाच मिनिटं बसायला काही हरकत नसते. अण्णांना जे जमत नव्हतं ते याला जमतं का? नाहीतर ही विद्या आम्ही चार घराण्यांनी शिकून घेतलेली काय वाईट?" मग त्यांनी दाराकडे पाहिलं. "मथुराबाई, या पुढे."

सत्तरीच्या पुढच्या, काटक, हिरव्या लुगड्यातल्या एक आजी पुढे आल्या. अण्णांनी नाव ऐकलं आणि ताडकन उठून उभे राहिले.

"नाना, हे बरोबर नाही. ह्या बाई अकरा वर्षांपूर्वी माझ्याकडे आल्या होत्या. बापाचं नाव माहीत नाही, गाव माहीत नाही, आडनाव माहीत नाही. दोनशे चौदांतली कुठली चोपडी उघडू? मला हात जोडून त्यांना परत पाठवावं लागलं होतं."

"म्हणूनच बोलावलं त्यांना," नाना शांतपणे म्हणाले.

"नाही म्हण," शेजारी बसलेले बोरस्ते सर माझ्या कानात पुटपुटले. "जिंकलोय आपण. नाही म्हण."

मी उचलली जीभ लावली टाळ्याला. "बसा आजी. काय माहितीये तेवढं सांगा," मी म्हटलं.

आजी खुर्चीच्या टोकावर बसल्या. "आईचं नाव सगुणा. मी तीन वर्साची आसंल, आई मला घिऊन आजोळी आली आन् तितंच वारली. मामा मला डांगात घिऊन ग्येले, लाकूडतोडीच्या कामावर. बापाशी त्यांचं वाकडं व्हतं. बापाचं नाव त्यांनी घरात कंदी घिऊ दिलं न्हाई. भाऊ व्हता मोठा, गनपत. त्यो बापाजवळ ऱ्हायला. गाव गंगंच्या काठाला व्हतं, येवढं आई म्हनायची."

गोदावरीच्या काठाला शे-दीडशे गावं. आणि ती चोपडी आमच्या एकसष्टांत असेल की उरलेल्या एकशे त्रेपन्नांत, देव जाणे.

मी दोनच ओळी लिहिल्या. मुलगा गणपत. आई सगुणा. गाव नाही, बाप नाही, आडनाव नाही. तीन दिवसांपूर्वी आई हा शब्दच आमच्या यंत्राला ठाऊक नव्हता. मी बटण दाबलं.

याही वेळी चार सेकंद. सतरा लेख आले.

"सतरा गणपत," नाना म्हणाले. "यातला कुठला?"

"थांबा," मी म्हटलं आणि एकेका लेखाचा 'इतर' उघडून मोठ्याने वाचू लागले. पहिल्यात आईचं श्राद्ध. दुसऱ्यात काशीहून परतताना. तिसऱ्यात काहीच नाही. आजी प्रत्येक वेळी मान हलवत होत्या. सातव्यात एक बहीण होती, पण तिचं नाव तुळसा. दहा झाले. माझा आवाज बसत चालला होता. अकरावा उघडला आणि मी वाचायची थांबले.

"वाच की," अण्णा म्हणाले.

"शके अठराशे नव्वद. गणपत बिन रामजी तासकर, मौजे कोळवाडे. मातोश्री सगुणा, मयत. वडील रामजी यांच्या अस्थी घेऊन आले." मी श्वास घेतला. "बहीण मथुरा, लहानपणी आजोळी नेली, ठाव नाही. ठाव लागल्यास कोळवाडे येथे कळविणे."



"बापाचं नाव काय म्हनलात?" आजींनी विचारलं.

"रामजी."

"रामजी," त्या म्हणाल्या. मग पुन्हा, "रामजी." त्र्याहत्तर वर्षांच्या त्या बाई बापाचं नाव पहिल्यांदा तोंडाने घेत होत्या.

नाना पडद्याजवळ गेले होते. "पण हे बघा, वर पुन्हा तेच आहे. रामजी, त्याचा बाप गणपत, त्याचा रामजी, त्याचा गणपत. अण्णा सांगत होते तसला गोंधळ नाही कशावरून?"

"आया वाचा, नाना," अण्णा खुर्चीतूनच म्हणाले.

नानांनी वाचल्या. सगुणा. भागीरथी. कोयना. साळू. प्रत्येक पिढीला वेगळी. ते मोठ्याने वाचत गेले तसा त्यांचा आवाज हळू होत गेला. शेवटच्या नावाशी आल्यावर त्यांनी मागे वळून मथुराबाईंना नमस्कार केला.

"शके अठराशे नव्वद म्हणजे अडुसष्ट साल," अण्णा म्हणाले. त्यांनी चष्मा काढून हातात धरला होता. "तेव्हा लेख आमचे वडील घेत. कळविणे असं लिहून घेतलं आणि आम्ही कळवलं नाही. शेहेचाळीस वर्षं यजमानाचं काम आमच्या घरात पडून राहिलं. आणि ही माझ्या दारात येऊन परत गेली. नाना, चोपड्यांचं काय करायचं ते नंतर ठरवा. आधी कोळवाड्याला फोन लावा."

"चोपड्यांचं ठरलं," नाना म्हणाले आणि कोपऱ्यात बसलेल्या एकाला सांगितलं, "त्या टेम्पोवाल्याला येऊ नको म्हणावं." मग माझ्याकडे वळले. "मॅडम, उरलेल्या एकशे त्रेपन्न सोमवारपासून घ्या. सिंहस्थाच्या आत सगळ्या व्हायला हव्यात. माणसं कमी पडली तर आमच्या घरचे बसतील टाइप करायला."

मी मागे बसलेल्या कुसुमताईंकडे पाहिलं. त्या पदराने डोळे पुसत होत्या आणि माझ्याकडे बघून हसत होत्या. आज दहा वर्षांनीही मला कुणी विचारलं, की तू आयुष्यात काय केलंस, तर मी त्या चार सेकंदांबद्दल सांगते.

गावोगावच्या ओळखी म्हणजे उपाध्याची कमाई. नानांच्या मोबाइलमध्ये कोळवाड्याच्या पोलिसपाटलांचा नंबर होता. पाटील म्हणाले, गणपत तासकर जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा आहे, घ्या नंबर. गणपत गेला हे ऐकून आजींनी डोळे मिटून घेतले. नानांनी तो नंबर लावला, मोबाइलचा आवाज मोठा केला आणि तो आजींच्या समोर धरला.

"हॅलो," पलीकडून एका जाड्याभरड्या आवाजाने म्हटलं. मागे मोटरपंप चालू होता. "कोण बोलतंय?"

नानांनी विचारलं, "आपण कोण?"

"रामजी. रामजी तासकर बोलतोय. कोण पाहिजे?"

आजींनी मोबाइल दोन्ही हातांत धरला. बाप गेल्यावर जन्मलेल्या लेकाला भावाने बापाचंच नाव ठेवलं होतं.

"मी मथुरा," त्या म्हणाल्या. "तुझ्या बापाची भईन."

पलीकडे मोटरपंप बंद झाला.

"आत्या?" तो माणूस म्हणाला. "बापू मरेस्तोवर म्हणत व्हते, मथी सापडंल. कुढं हायेस तू?"

"नाशकाला. पंचवटीत."

"तितंच बस. उठू नको तितून. मी निघालोच."

नानांनी आतून सतरंजी आणायला सांगितली. कुणीही घरी गेलं नाही, आम्ही सगळे आजींबरोबर तिथेच बसून राहिलो.